बटणावरचा ठिपका

मी गाद्या बनवते आणि ड्रम वाजवते. दोन्हीत बडवणं आलंच, त्यामुळे हिला वेगळं काही शिकावं लागलं नाही, असं माझा दादा भेटेल त्याला सांगत असतो. तो स्वतः लिफ्ट दुरुस्त करतो आणि गिटार वाजवतो. मी पन्नाशीला टेकले तरी मला ‘बारके’ म्हणतो, आणि मीही गुमान ओ देते.

आमचा बँड पाच जणांचा. मास्तर शाळेत गणित शिकवतात, कीबोर्ड वाजवतात आणि आमची सगळी गाणीही तेच लिहितात. डॉक्टर बेस वाजवतो. तो माणसांचा नव्हे, घड्याळांचा डॉक्टर. दुकानावर ‘घड्याळांचा दवाखाना’ अशी पाटी लावलीय, तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच. आणि गाते ती माझी वहिनी, दादाची बायको. ती पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात फोनवर तक्रारी ऐकते. दिवसभर लोकांची बोलणी खाऊन दर बुधवारी संध्याकाळी माझ्या कारखान्यात येते, चपला काढते, गाद्यांच्या थप्पीला टेकते आणि गाते. मला छेडायचं असलं की ती मला ‘वन्सं’ म्हणते आणि मोठ्या अदबीनं अहो-जाहो करते. एरवी सरळ ‘अगं’.

सराव कारखान्यात, कारण गादी आवाज गिळते. सगळीकडे कापूस, फोम, खोळी. बावीस वर्षांत शेजाऱ्यांची एक तक्रार नाही. पण त्याचा तोटा असा की तिथं आम्हाला आपण फार हळू वाजवतो असा भ्रम होतो, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम करायला गेलो की तो भ्रम फुटतो. तिथं खाली फरशी, बाजूला काचा. मी एक काठी टाकली तरी चार ऐकू येतात. मग दादाला स्वतःची गिटार ऐकू येत नाही, तो बटण फिरवतो. दादा वाढला म्हणून मास्तर वाढतात, मास्तर वाढले म्हणून डॉक्टर. मी तर बोलूनचालून ड्रमवाली. आणि सगळ्यांच्या पुढे उभी असलेली वहिनी आमच्या चौघांच्या गदारोळात नुसती तोंड हलवताना दिसते.

हे पूर्वीही व्हायचं, पण पूर्वी वहिनी आम्हाला पुरून उरायची. तिचा आवाज आमच्या डोक्यावरून जायचा. मास्तरांचं एक जहाजाचं गाणं आहे; त्याच्या तिसऱ्या कडव्यात ‘दूर’ हा शब्द वर चढतो आणि आठ मात्रा तिथंच राहतो. त्या आठ मात्रा आम्ही चौघंही हात उचलून थांबायचो. पहिल्या रांगेतली म्हातारी माणसं त्या आठ मात्रांसाठी यायची, हे मला चांगलं ठाऊक आहे. माझ्या ड्रमसाठी कोण येणार?

दहा महिन्यांपूर्वी वहिनीच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ होती, ती निघाली. ती वाईट नव्हती हे कळलं त्या दिवशी माझा लिफ्टवाला भाऊ दवाखान्याच्या जिन्यात बसून रडला. आवाजाच्या नसेला ताण बसेल हे सर्जनबाईंनी आधीच सांगितलं होतं. बोलणं परत येईल, गाण्याचं बघू, असं त्या म्हणाल्या होत्या. बोलणं आलं. काही महिने वहिनीनं वहीत लिहून संसार केला, भांडणसुद्धा लिहून, आणि मग पुन्हा ऑफिसात जाऊन लोकांच्या तक्रारी ऐकू लागली. एका बुधवारी काही न सांगता आली आणि गाद्यांना टेकून उभी राहिली. आम्हीही जणू ती मागच्याच बुधवारी येऊन गेली असं दाखवून वाजवायला लागलो.

पट्टी तीच ठेवली, काळी पाच. म्हणजे गाणं ज्या स्वरावरून धरायचं तो स्वर. आमच्यात एक जुना नियम आहे, पट्टी गाणाऱ्याची. वाजवणाऱ्यांनी त्यात नाक खुपसायचं नाही. वहिनीनं बावीस वर्षं काळी पाच सांगितली, त्या बुधवारीही काळी पाच सांगितली. आम्ही एकमेकांकडे न बघता सुरू केलं.

त्यानंतर कार्यक्रमाचे तीन रविवार झाले. तिसऱ्या रविवारी कार्यक्रम संपल्यावर मी आणि वहिनी स्टेजवर वायरी गुंडाळत होतो. ती वायर कोपर आणि पंजाभोवती नीट वेटोळी घालते, माझ्यासारखी कोंबत नाही. गुंडाळता गुंडाळता म्हणाली,

“मला माझा आवाज ऐकूच येत नाही गं.”

“या मेल्यांना सांगते मी,” मी म्हटलं.

“रागवू नकोस कुणावर. पण पुढच्या महिन्यातही असंच झालं ना, तर मी थांबते. तुम्ही एखादी मुलगी बघा. वाचनालयात ती चष्मेवाली येते, बरी गाते.”

तक्रार नोंदवून घ्यावी तितक्या शांतपणे बोलली ती. वायरीचं वेटोळं पेटीत ठेवलं आणि दुसरी वायर उचलली. वहिनी चिडून बोलली असती तर मला भीती वाटली नसती. शांत बोलली म्हणजे ठरलं होतं.

मी काय केलं? मला जे येतं तेच. पुढच्या कार्यक्रमाच्या आधीच्या बुधवारी तिघांना गाद्यांसमोर उभं केलं आणि फैलावर घेतलं. तुमचे कान गुडघ्यांत आहेत का? मग आवाज वाढवणारे अँप गुडघ्यांशी ठेवून कानाला ऐकू येत नाही म्हणून रडता कशाला? खुर्चीवर ठेवा, तोंड स्वतःच्या कानाकडे करा, निम्म्या आवाजात भागेल. नाचता येईना अंगण वाकडं! मास्तर शाळेत मुलांना असं बोलत असतील, ऐकून घ्यायची त्यांना सवय नाही. ते चष्मा पुसत राहिले.

मग वहिनीची जांभळी नेलपॉलिश घेतली आणि तिघांच्या बटणांवर एकेक ठिपका दिला. ठिपका बरोबर वर असला पाहिजे. उजवीकडे सरकलेला दिसला तर त्यानं सगळ्यांचे कप विसळायचे.

“आणि तुझ्या ड्रमला ठिपका कुठं?” डॉक्टरनं विचारलं.

“माझ्या ड्रमला बटण आहे का?”

“तेच म्हणतोय मी,” तो म्हणाला. डॉक्टर दिवसभर भिंगातून बघतो, त्यामुळे तोलून बोलतो. मी लक्ष दिलं नाही.

सराव संपल्यावर बघते तर तिन्ही ठिपके उजवीकडे. तिघांनी मिळून कप विसळले. मी ठिपके पुन्हा वर आणले आणि शेवटी आणखी एकदा जहाजाचं गाणं घ्यायला लावलं. या खेपेला वाजवता वाजवता माझी नजर फक्त बटणांवर. पहिलं कडवं, ठिपके जागच्या जागी. दुसरं कडवं, जागच्या जागी. तिसऱ्या कडव्यात वहिनी ‘दूर’पाशी आली आणि दादाचा हात खाली गेला. मास्तरांचाही. डॉक्टरचाही. थांबायच्या जागी तिघंही वाजवत राहिले. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, प्रत्येकानं आपापलं चोरून केलं. मला चोर सापडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका इमारतीत दोन गाद्या पोचवायच्या होत्या, आणि तिथलीच लिफ्ट दादा दुरुस्त करत होता. मी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत चढले. आत ग्रीसचा वास, मधोमध मोठं चाक, आणि दादा मांडी घालून तारेचा दोर तपासतोय.

“तू काल ‘दूर’ला आवाज वाढवलास,” मी म्हटलं. “मी पाहिलं.”

दादानं कापडाला हात पुसले. बराच वेळ पुसले.

“तिथं तिचा आवाज फाटतो गं, बारके.”

“मला माहितीय.”

“पहिल्या रविवारी समोरच्या बाईनं शेजारणीला कोपर मारलं. त्या हसल्या नाहीत, नुसतं बघितलं एकमेकींकडे. पण मी पाहिलं. हिनं नाही पाहिलं, हिचे डोळे मिटलेले असतात तिथं.” तो चाकाकडे बघत बोलत होता. “मग पुढच्या वेळी मी जरा वाढवलं. म्हटलं, झाकलं जाईल. लोकांना वाटेल गिटारवाल्याला अक्कल नाही. वाटू दे.”

“अरे, पण तिलाच ऐकू येत नाहीये. ती सोडून द्यायला निघालीय.”

“मग मी काय करू? तिला सांगू, तुझा आवाज तिथं पोचत नाही, पट्टी उतरव? मी सांगू? तिचा नवरा?” त्याचा आवाज त्या छोट्या खोलीत घुमला, आणि तो स्वतःच दचकला. “तिनं सांगितली तर मी आत्ता उतरवीन. पण मी नाही सांगणार. तूही सांगायचं नाहीस.”

मला त्याला एक चापटी मारावीशी वाटली आणि मिठीही मारावीशी वाटली. त्याचे हात ग्रीसचे होते म्हणून दोन्ही राहिलं.

तिथून मी घड्याळांच्या दवाखान्यात गेले आणि मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी. दोघांची कहाणी तीच. मास्तर म्हणाले, “मी ते गाणं तिच्या त्या वेळच्या गळ्यासाठी लिहिलं. आता त्याच गाण्यानं तिला खाली बघायला लावायचं? मला नाही झालं सहन.” डॉक्टर म्हणाला, “ती दुखतंय असं तोंड करते तिथं. मी मोठा सूर धरतो, तिला टेकायला.” तिघांनी वेगवेगळं ठरवलं होतं, एकमेकांना न सांगता, आणि तिघं मिळून माझ्या वहिनीला तिच्याच गाण्यातून बाहेर काढत होते. मला राग आला होता. पण त्या रागाखाली, खरं सांगायचं तर, मला फार बरं वाटत होतं. चार जणांतली मी एकटी शहाणी.

शुक्रवारी वहिनी ऑफिस सुटल्यावर कारखान्यात आली. मी एका गादीला टाके घालत होते. ती थप्पीवर चढून बसली आणि पर्समधून फोन काढला.

“बुधवारी मी सराव टेप करून घेतला,” ती म्हणाली. “उशांच्या ढिगात ठेवला होता फोन. म्हटलं, स्टेजवर नाही तर नाही, निदान यात तरी ऐकू येईल.”

“आलं?”

“नाही. तू ऐक बघू.”

मी दाभण गादीत खोचून ठेवलं. मनात म्हटलं, झालं, आपोआप उघडं पडलं. मला तोंड उघडायलाच नको. दोघी फोनवर वाकलो. जहाजाचं गाणं. पहिली दोन कडवी बरी होती. वहिनीचा आवाज पूर्वीपेक्षा बारीक, कडेला थोडा खरखरीत, पण तिचाच. मग तिसरं कडवं. ‘दूर’ आलं. गिटार फुगली, कीबोर्ड पसरला, बेस घुमला. मी मान हलवणार, तेवढ्यात त्या सगळ्यांवर एक झांज कोसळली. एकदा नाही. आठही मात्रा, धडाधड, भांड्यांचं कपाट पडावं तशी. तिच्यापुढं ती तिन्ही वाद्यं म्हणजे काहीच नव्हती.

झांज माझी होती.

“परत लाव,” मी म्हटलं.

परत लावलं. परत झांज.

“बघ ना,” वहिनी म्हणाली, “पूर्वी इथं तू थांबायचीस. मला वाटलं, मुद्दाम बदललंस. छान वाटत असेल म्हणून.”

मी बदललं नव्हतं. मला माहीतच नव्हतं. देवाशपथ सांगते, दोन रविवार आणि कितीतरी बुधवार मी तिथं झांज बडवत होते आणि मला वाटत होतं, मी थांबलेय. हातानं परस्पर ठरवलं होतं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ते हे. तिघांनी निदान बटणं फिरवली होती, त्यांना आपण काय करतोय ते कळत होतं. माझ्या हाताला तर वहिनीची एवढी काळजी होती की त्यानं मलाही विचारलं नाही.

“तिथं काय होतं गं?” वहिनीनं विचारलं. “मला घशात काहीतरी निसटल्यासारखं वाटतं. पण बाहेर काय येतं ते कळत नाही.”

“घरी गाऊन बघितलंस?”

“घरी गुणगुणते. तोंड उघडून नाही.” तिनं फोन मांडीवर पालथा ठेवला. “एकटीनं ऐकायची हिंमत होत नाही. म्हटलं, पहिल्यांदा ऐकेन तेव्हा तुम्ही सगळे असावेत.”

बावीस वर्षांत वहिनीनं माझ्याकडे काही मागितलं असेल तर हे एवढंच. आणि मी तिला काय दिलं, तर झांज. मला रडू आलं. गादीच्या खोळीला डोळे पुसले, नवीकोरी खोळ, गिऱ्हाइकाची.

“आम्ही घाबरतो तिथं,” मी म्हटलं. “चौघंही. म्हणून मोठ्यानं वाजवतो.”

वहिनीला किती कळलं ते मला कळलं नाही. मग थप्पीवरून खाली उतरली, चपला घातल्या आणि दाराशी जाऊन म्हणाली, “घाबरायचं तर घाबरा की. पण जरा हळू घाबरा.”

ती गेल्यावर मी तिघांना फोन केले. दादाला म्हटलं, मी चौथी. तो म्हणाला, “तू पण, बारके?” मास्तर म्हणाले, “हं. म्हणजे शंभर टक्के.” डॉक्टर म्हणाला, “मला माहीत होतं. झांज माझ्या कानापासून दीड हातावर आहे.” तिघांनाही एकच सांगितलं: रविवारी तिसऱ्या कडव्यात आठ मात्रा हात वर. पूर्वीसारखं.

“आणि फाटला तर?” दादानं विचारलं.

“तर फाटेल.”

रविवारी दुपारी डॉक्टरच्या गाडीत वाद्यं नंतर चढली, आधी गाद्या. चार पातळ गाद्या, फोमचे दोन तक्ते आणि एक जुनी गोधडी. गाद्या ड्रमच्या मागे आणि बाजूला उभ्या केल्या, फोम काचांना लावला, गोधडी मोठ्या ड्रमच्या पोटात कोंबली. लाकडी काठ्या घरीच ठेवून आले होते. पातळ कामट्यांच्या जुड्या आणल्या, त्यांनी वाजवलं तर ड्रम कुजबुजतो. अँप खुर्च्यांवर, तोंडं कानांकडे. आणि वहिनीच्या पायाशी एक स्पीकर, त्यातून फक्त तिचाच आवाज तिला परत मिळणार. वाचनालयाच्या बाई दारातून हे सगळं बघत होत्या.

“कार्यक्रम आहे की झोपायला आलात?” त्यांनी विचारलं.

“लोक झोपले तर पांघरूणही आणलंय,” मी म्हटलं.

हॉल भरला. भरला म्हणजे साठेक माणसं. ती कोपरवाली बाईही आली होती, दुसऱ्या रांगेत. दादानं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं पर्स छातीशी घेतली.

आम्ही सुरू केलं. हळू वाजवणं किती कठीण असतं, हे मोठ्यानं वाजवणाऱ्यांना विचारा. माझे दंड भरून आले. पण तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत एक गोष्ट झाली. मला मास्तरांचा डावा हात ऐकू येऊ लागला. बावीस वर्षांत कधी ऐकला नव्हता. मला वाटायचं, ते तो हात नुसता ठेवतात. वहिनीची मान थोडी सैल झाली होती. दोन गाण्यांच्या मध्ये तिनं पायाशी ठेवलेल्या स्पीकरकडे पाहिलं आणि त्याला नुसती मान डोलावली, ओळखीचं कुणी भेटल्यासारखी.

मग जहाजाचं गाणं. पहिलं कडवं. दुसरं. तीन जांभळे ठिपके वर. तिसरं कडवं सुरू झालं तसं माझ्या हातांना मी मनातल्या मनात दम भरला. ‘दूर’ आलं, आणि आम्ही चौघांनी हात उचलले.

हॉलमध्ये तिचा आवाज एकटा होता. तो चढला, अगदी वरपर्यंत गेला आणि तिथं फाटला. जुनं कापड ओढल्यावर फाटतं तसा, टरकन. अर्धा राहिला, अर्धा गेला. तिसरीच मात्रा होती. तिनं डोळे उघडले आणि गायची थांबली.

मला दादाचा हात दिसत होता. तो बटणावर गेला होता, बोटं ठिपक्यावर. माझी झांज माझ्यापासून वीतभर लांब होती, आणि तिला हात न लावणं हे मी आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम आहे. दादानं बोटं काढली आणि हात मागे पाठीशी धरला, दुसऱ्या हातानं.

वहिनी तशीच उभी होती, मान किंचित तिरकी. फोनवर तक्रार ऐकताना ती अशीच उभी राहते. मग ती आमच्याकडे वळली. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा रडका नव्हता. रागावलेला होता, थोडासा.

“हे होतं होय?” ती म्हणाली. माईकपासून दूर, फक्त आम्हाला. “एवढ्यासाठी माझ्या कानात बोळे घालत होतात?”

आम्ही चौघं शाळेतल्या मुलांसारखे खाली बघत होतो, मास्तरसुद्धा.

“अहो, ऐकूच दिलं नाहीत, तर मला कळणार कसं, कुठं उभं राहायचं ते?”

दादा काहीतरी बोलायला गेला. तिनं त्याच्या दंडावर एक चापट मारली, परवा मला मारावीशी वाटली होती तीच, आणि माईकजवळ गेली.

“माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालंय,” तिनं लोकांना सांगितलं. “आवाज जरा खालच्या मजल्यावर राहायला गेलाय, आणि मला आत्ता समजलं. आम्ही सगळे जाऊन त्याला भेटतो. नवरा लिफ्टवाला आहे, नेईल खाली.”

लोक हसले. कोपरवाली बाई सगळ्यात मोठ्यानं हसली, आणि मी तिला तिथल्या तिथं माफ केलं.

“मास्तर,” वहिनी म्हणाली, “पांढरी पाच.”

बावीस वर्षांनी पट्टी बदलली, तीन स्वर खाली. मास्तरांनी एक बटण तीनदा दाबलं. डॉक्टरनं बोटं तीन घरं खाली नेली आणि ओठ हलवत मोजून पुन्हा खात्री केली. दादाच्या गिटारच्या मानेवर, तिसऱ्या घरात, एक चिमटा असायचा. तो काढला की सूर पांढऱ्या पाचवर येतात. त्यानं चिमटा काढला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. मग खिशावरून एकदा हात फिरवला.

“तिसऱ्या कडव्यापासून,” ती म्हणाली.

आम्ही हळूच सुरू केलं. खालच्या पट्टीत तिचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. जाडसर होता, थोडा खडबडीत, पूर्वीची चमक त्यात नव्हती, आणि ती परत येणार नाही हे मला तेव्हाच कळलं. मला त्याचं वाईट वाटलं. पण हा आवाज कुठं जायला बघत नव्हता. ‘दूर’ आलं, आम्ही हात उचलले, आणि ती चढली आणि तिथं नीट बसली. एक मात्रा. दोन. तीन गेली. चार. पाच. तिचे डोळे या वेळी उघडे होते. सहा. सात. आठ.

आठनंतर आम्ही आत यायचं असतं. बावीस वर्षं न चुकता आलो होतो. त्या दिवशी चौघांपैकी एकही जण आला नाही. दादाचा हात तारांवर होता आणि तो बायकोकडे बघत होता. मास्तरांचा चष्मा हातात होता. डॉक्टर, जो घड्याळं दुरुस्त करतो, तो मोजायचं विसरला होता. नऊ, दहा, अकरा. सूर अजून होता.

शेवटी तिनंच श्वास घेतला, मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि माईकमध्येच म्हणाली, “वन्सं, वाजवा की आता. ऐकू येतंय मला.”